घाटातला तिसरा गिअर: निंजा ११००एसएक्सवर पुणे ते पणजी

कावासाकीची निंजा ११००एसएक्स ही स्पोर्ट-टूरर (वेग आणि लांबचा प्रवास दोन्हीसाठी बनवलेली) बाईक डिसेंबर २०२४ मध्ये भारतात आली, तेव्हा कागदावरचे आकडे वाचूनच माझ्या ओळखीतल्या बऱ्याच बाईकवाल्यांनी नाक मुरडलं होतं. आधीच्या १०००एसएक्सचं इंजिन १०४३ सीसीचं, नवं १०९९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास तोच, ७७ मिलिमीटर; स्ट्रोक (पिस्टनची वरखाली होण्याची लांबी) तेवढा ५६ वरून ५९ वर नेला. इंजिन वाढलं म्हणजे ताकद वाढायला हवी, पण ती १४२ पीएसवरून (पीएस म्हणजे अश्वशक्ती) १३६ वर आली. 'पैसे जास्त, घोडे कमी' असा निकाल गाडी डोळ्यांनी बघायच्या आधीच लागून गेला.

मला त्याच तक्त्यातली पुढची ओळ जास्त बोलकी वाटत होती. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, १११ वरून ११३ न्यूटन मीटर झाला होता आणि तो ८,००० ऐवजी ७,६०० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) मिळत होता. कमाल ताकदही १०,००० ऐवजी ९,००० ला. म्हणजे इंजिनाचा जोर वरच्या टोकाकडून काढून खाली, रोजच्या वापरातल्या पट्ट्यात आणला होता. आपल्याकडे चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे. घाटात आपण तीस ते पन्नासच्या मध्ये असतो. गावातून जाताना त्याहून कमी. दहा हजार आरपीएमचा उपयोग रेसट्रॅकवर. पुणे ते पणजी रस्त्यावर दोन ते पाच हजारांच्या मध्ये गाडी कशी वागते, त्यावर प्रवास चांगला की वाईट ते ठरतं. निंजा ६५० वर बरीच वर्षं काढल्यावर मी ही गाडी घेतली ती याच हिशोबाने.

कावासाकी हे नाव पुण्यातल्या घरांना तसं परकं नाहीच. आकुर्डीच्या बजाजबरोबरची त्यांची भागीदारी २०१७ पर्यंत चालली, आणि आमच्या वाड्यातल्या निम्म्या माणसांनी गिअरची गाडी शिकायची ती 'कावासाकी बजाज' लिहिलेल्या टाकीवरच. वडिलांकडे फोर-एस चॅम्पियन होती.

रनिंग-इनचे, म्हणजे नवं इंजिन जपून रुळवण्याचे, पहिले हजार किलोमीटर पानशेत, मुळशी, ताम्हिणी असे गावाजवळच काढले, पुस्तिकेतल्या मर्यादेबाहेर इंजिन फिरवलं नाही. पहिली सर्व्हिस झाली, तेल बदललं, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघालो. सोबत धाकटा भाऊ, त्याच्या जुन्या ४११ सीसीच्या हिमालयनवर. मुद्दामच असा जोडीदार निवडला होता. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने जाताना दिसल्या की कोणती गाडी कुठे कमी पडते ते लगेच कळतं.

पहिला दिवस: पुणे ते कोल्हापूर

पहाटे नवले पूल ओलांडला तेव्हा अंधारच होता. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की गार हवा अंगावर येते आणि मग खऱ्या अर्थाने प्रवास सुरू होतो. सीटची उंची ८३५ मिलिमीटर. माझी उंची पाच फूट चार इंच. दोन्ही पायांचे चवडे टेकतात, टाचा टेकत नाहीत. पेट्रोलसकट २३८ किलोची गाडी चवड्यांवर सांभाळायची म्हणजे थांबण्याची जागा आधी हेरायची सवय लागते: चढ कुठे आहे, खडी कुठे आहे, डावा पाय कुठे पडणार आहे. एकदा चाकं फिरायला लागली की ते वजन कुठे जातं कळत नाही. पहिल्या क्लचपासून ही गाडी हलकी वाटते.

हँडल ६५० पेक्षा थोडंसं पुढे आहे, पण मनगटांवर भार येत नाही. पाठ किंचित वाकते, एवढंच. स्पोर्ट आणि टूरिंग यांच्यामधली नेमकी बसण्याची पद्धत कोणती, यावर वाद घालता येईल. माझ्या मते शिरवळपर्यंत शरीराकडे लक्ष गेलं नाही म्हणजे ती जमली. समोरची काच हाताने चार पायऱ्यांत वरखाली करता येते. सगळ्यात खालच्या पायरीवर वारा थेट छातीवर येतो, सगळ्यात वर केली की हेल्मेटच्या कपाळावरून निघून जातो. मी पूर्ण प्रवासभर वरून दुसऱ्या पायरीवर ठेवली.

ताशी ८० ला सहाव्या गिअरमध्ये टॅकोमीटरचा काटा तीन हजारांच्या आसपास असतो. या मॉडेलमध्ये पाचवा आणि सहावा गिअर मुद्दाम लांब केले आहेत, त्यामुळे महामार्गावर इंजिनाचा आवाज जवळजवळ विरून जातो. चार सिलिंडरच्या इंजिनात थरथर तशीही कमी. माझ्या ६५० च्या दोन सिलिंडरच्या इंजिनात पाय ठेवायच्या पेगमधून एक बारीक कंप पायात सतत यायचा, तासाभराने तळवे बधिर व्हायचे. इथे साताऱ्यापर्यंत तळवे जागे होते. क्रूझ कंट्रोल (मनगट न फिरवता वेग कायम ठेवणारी सोय) आहे. पण साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे कधी बैलगाडी, कधी उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर, आणि त्यात सहापदरीकरणाची वळणं. दोन-चारदा लावून बघितला, चालतो छान. मला आपल्या महामार्गावर तो फारसा कामाचा वाटत नाही.

खंबाटकी ही गाडीची पहिली खरी परीक्षा. तेव्हा साताऱ्याकडे जाताना जुना घाट चढावा लागत होता, बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांसाठी होता. चढावर मालाने भरलेले ट्रक ताशी वीसने सरकत असतात, दोन ट्रक एकमेकांना ओलांडत असतात, आणि मागून आलेल्याला त्या वेगाने रांगावं लागतं. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांच्याही खाली इंजिन उतरलं. ६५० असती तर इथे ती धडधडली असती, खाली दुसरा टाकावाच लागला असता. इथे फक्त मनगट फिरवलं आणि गाडी एकसंध ओढीने वर निघाली. झटका नाही, आवाजाचा कल्लोळ नाही. तेवढ्यात ट्रकच्या पुढची जागा मोकळी झाली, मी निघून गेले, आणि वर जाऊन भावाची वाट पाहिली. हिमालयन दुसऱ्या गिअरमध्ये जिवाच्या आकांताने चढत होती. तो आल्यावर म्हणाला, "ताई, तू गिअर बदललाच नाहीस का?" नव्हताच बदलला.

सातारा ते कागल या पट्ट्यात रस्त्याचं काम चालू होतं, आणि दर काही किलोमीटरवर वाहतूक सर्व्हिस रोडवर ढकलली जात होती. तिथे खडी, धूळ, अचानक संपणारं डांबर. पुढच्या सस्पेन्शनला १२० मिलिमीटरचा प्रवास आहे. महामार्गाच्या सांध्यांसाठी पुरेसा, पण खोल खड्ड्यात तो संपतो आणि ते हातांना कळतं. सस्पेन्शन कारखान्यातून जरा कडकच आलेलं. पेठ नाक्याजवळ अख्खा मसूर आणि भाकरी खाऊन झाल्यावर मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि पुढचं कॉम्प्रेशन (सस्पेन्शन दाबलं जाताना होणारा विरोध) थोडं सैल केलं. फरक लगेच जाणवला. पुढच्या काट्यात (फोर्कमध्ये) प्रीलोड (स्प्रिंगचा मुळातला ताण), कॉम्प्रेशन, रिबाउंड (सस्पेन्शन परत उसळतानाचा विरोध) तिन्ही बदलता येतात, मागे प्रीलोडसाठी हाताने फिरवायचं बटण आहे. माझं वजन पंचावन्न किलो. कारखान्यातलं सेटिंग माझ्यापेक्षा जड माणसासाठी असणार हे उघड होतं, आणि महागड्या गाडीचे हे स्क्रू वापरण्यासाठीच असतात. वापरावेत.

किणी टोलनाक्याला डावीकडच्या दुचाकीच्या गल्लीतून निघालो, शिरोलीला पंचगंगेचा पूल, आणि दुपारी ऊन तापलेलं असताना कोल्हापूर. मावशी दारातच उभी होती. "कवापासनं वाट बघायलोय मी," म्हणाली, मग गाडीभोवती एक फेरी मारली. "एवढं धूड तू उचलतीस व्हय गं?" उचलायचं नसतं, तोल सांभाळायचा असतो, हे तिला मी जेवताना समजावून सांगितलं. तिला पटलं असं वाटत नाही.

दुसरा दिवस: कोल्हापूर ते सावंतवाडी

सकाळी मिसळ. कट वेगळा मागून घेतला, कारण पुढे हेल्मेटमध्ये चार तास काढायचे होते. मग कागल, निपाणी, तवंदीचा घाट आणि संकेश्वर. संकेश्वरला महामार्ग सोडून उजवीकडे वळलं की बांद्याला जाणारा रस्ता लागतो, आणि हा रस्ता मला महाराष्ट्रातल्या सुंदर रस्त्यांपैकी एक वाटतो. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली: चारही ठिकाणं हिरण्यकेशीच्या काठची. नदीच्या उगमाकडे आपण चढत जातो. आधी ऊस, मग भात, मग काजू, मग जंगल. आजऱ्याचा सुवासिक घनसाळ भात शेतात लोंब्या टाकून उभा होता, वाऱ्यावर त्याचा वास येत होता. महामार्गावर काच आणि क्रूझ कंट्रोल यांची चर्चा करता येते. गाडी कशी आहे ते अशा रस्त्यावरच कळतं.

गडहिंग्लजच्या पुढे रस्ता रुंद आणि नवा आहे, लांब वळणांचा. साठ-सत्तरच्या वेगात एकामागून एक वळण येतं, मध्ये सरळ भाग फारसा नाहीच. ६५० वर अशा वळणांत मी सारखी तिसरा-चौथा करत असे. इथे चौथ्यात ठेवून थ्रॉटल उघडायचा आणि मिटायचा, बस. इंजिन जिथे असेल तिथून ओढ देतं. त्यामुळे होतं काय, की डोकं गिअरमध्ये अडकत नाही. नजर वळणाच्या शेवटाकडे जाते, खांदे सैल होतात, आणि रस्ता वाचायला वेळ मिळतो: कडेला शेण पडलंय का, कौलाच्या गाडीतून माती सांडलीय का, पुढे म्हशी आहेत का. माझ्या लेखी खालच्या आरपीएमवरच्या टॉर्कचा सगळ्यात मोठा फायदा हाच. वेग तोच राहतो, पण चालवणाऱ्याचं लक्ष मोकळं होतं, आणि लक्ष मोकळं असणं म्हणजे सुरक्षितता.

वळण घेताना गाडी आपणहून आत पडत नाही आणि अडतही नाही. हँडल रुंद आहे, हलकासा धक्का दिला की कलते आणि कललेली राहते. मागचा १९० चा टायर रुंद आहे, एका वळणातून उलट्या वळणात जाताना ६५० पेक्षा किंचित जास्त जोर लागतो. सवयीचा भाग आहे. आजऱ्यापर्यंत हात बसला.

आजऱ्याला चहाला थांबलो. टपरीवरच्या काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "किती देती?" अठरा-एकोणीस देते म्हटल्यावर ते भावाच्या हिमालयनकडे वळले, आणि मग दोघांची ॲव्हरेजवर सविस्तर चर्चा झाली. टाकी १९ लिटरची आहे, म्हणजे तीनशे किलोमीटर निर्धास्त. आपल्याकडच्या प्रवासात त्याच्या आधीच पाठीला थांबावंसं वाटतं, त्यामुळे तेवढी पुरते.

आंबोलीच्या अलीकडे ढग खाली उतरले. परतीचा पाऊस इथे ऑक्टोबरमध्येही दुपारचा हमखास गाठतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, आणि इथून पुढे रस्ता सह्याद्रीची कडा सोडून थेट कोकणात कोसळतो. गावात थांबून रेनकोट चढवले. डाव्या हाताच्या बटणाने मोड बदलून 'रेन' केला. स्पोर्ट, रोड, रेन आणि आपल्या मनाप्रमाणे जुळवायचा 'रायडर' असे चार मोड आहेत. रेनमध्ये ताकद कमी होते आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागीच फिरून घसरू न देणारी यंत्रणा) जास्त दक्ष राहतं. आधी मला वाटायचं, आपला हात हलका असेल तर हे सगळं कशाला. ओल्या आंबोली घाटात, दरीच्या बाजूला पांढरं धुकं आणि समोरून एसटी येत असताना, हे सगळं असलेलं बरं वाटतं.

उतारावर मला या गाडीतली सगळ्यात आवडलेली गोष्ट सापडली. क्विकशिफ्टर. क्लच न दाबता गिअर वरखाली करण्याची सोय आधीच्या मॉडेलमध्येही होती, पण ती अडीच हजार आरपीएमच्या वर काम करायची. आता ती पंधराशेपासून करते. ऐकायला छोटा बदल. पण हेअरपिन वळणावर उतरताना आपण नेमके त्याच पट्ट्यात असतो: दोन हजार, अठराशे. डावा हात क्लचवर न्यावा लागत नाही, दोन्ही हातांनी हँडल धरलेलं राहतं, पायाने तिसऱ्यातून दुसरा टाकला की इंजिन स्वतःच किंचित फिरून गती जुळवून घेतं आणि मागचं चाक घसरत नाही. गिअर खाली टाकताना मागचं चाक अडकू न देणारा स्लिपर क्लच मदतीला आहेच. ओल्या डांबरावर मागचं चाक क्षणभर अडकणं किती भीतीदायक असतं ते घाटात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. इथे सगळ्या उतारात ते एकदाही झालं नाही.

ब्रेकबद्दल एवढंच: पुढे ३०० मिलिमीटरच्या दोन डिस्क आहेत, एका बोटाने पुरतात. मागची डिस्क २५० वरून २६० ची केली आहे. घाटात हळू वेगात मी मागचा ब्रेक सतत हलका टेकवून ठेवते, त्याने गाडी स्थिर राहते. इथे त्या पायाखाली काय चाललंय ते नीट समजत होतं.

मुख्य धबधब्यापाशी पावसाळ्यातली गर्दी ओसरली होती, पाणी मात्र भरपूर होतं. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात २०२० मध्ये नव्या जातीचा एक छोटा मासा नोंदवला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि ती जागा पुढे जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. भावाला ते कुंड बघायचं होतं, पण धुक्यात उजेड झपाट्याने कमी होत होता. घाट उजेडात उतरायचा असं ठरवून आम्ही थांबलो नाही. दाणोलीला पोचलो तेव्हा रस्ता कोरडा, हवा दमट, आणि अंगातला रेनकोट असह्य. सावंतवाडीला मोती तलावाच्या काठावर उतरलो तेव्हा माझे खांदे दुखत नव्हते. आंबोली घाटाच्या दिवसानंतर असं आधी कधी झालेलं मला आठवत नाही.

तिसरा दिवस: सावंतवाडी ते पणजी

सरळ बांद्यावरून पणजीला दोन तासांत पोचता येतं. आम्ही वेंगुर्ल्याकडून गेलो. शिरोडा, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं गाव, मग रेडी, आणि तेरेखोलची खाडी.

या रस्त्यावर गाडीची मर्यादा स्पष्ट दिसली. जमिनीपासूनची उंची १३५ मिलिमीटर. कोकणातल्या वाड्यांमधून जाणारे रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, आणि दर दोनशे मीटरवर गतिरोधक. तेही कुणी हौसेने ओतलेले, उंच आणि अरुंद. प्रत्येक गतिरोधकाला तिरकं जावं लागतं. भाऊ हिमालयनवर उभा राहून सरळ निघून जायचा. तिच्याखाली २२० मिलिमीटर आहेत. ज्यांचं रोजचं फिरणं अशा वाड्यावस्त्यांवर आहे त्यांनी ही गाडी घेऊ नये, असं मी सरळ सांगेन. एरवी बाईकवाले ग्राउंड क्लिअरन्सला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देतात, पण इथे ते महत्त्वाचं आहे.

तेरेखोलच्या धक्क्यावर फेरीबोटीत गाडी चढवायची होती. ओली लोखंडी फळी, तिच्यावर वाळू. पहिल्या गिअरमध्ये जवळजवळ क्लच न वापरता, थ्रॉटल न उघडता गाडी नुसत्या आयडलवर वर चढली. इंजिनाचा खालचा जोर फळीवरही उपयोगाला येतो हे मी धरलेलं नव्हतं. बोटीवरच्या माणसाने मागे हात धरून "सावकाश, सावकाश" म्हणत नेलं आणि मग विचारलं, "ह्या गाडयेक रिव्हर्स आसा?" नाही. बोटीवर वळवायची तर दोघांनी मिळून ढकलावी लागते.

पलीकडे केरी, हरमल, मोरजी, शापोरा नदीवरचा पूल, शिवोली, म्हापसा. या भागाबद्दल लिहिण्यासारखं इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चाललेलं, वाहतूक मुंगीच्या पावलाने. हजार सीसीच्या वरचं कुठलंही चार सिलिंडरचं इंजिन अशा वेळी तापतं. पंखा सुरू झाला, उजव्या पोटरीला ऊब जाणवायला लागली. रायडिंग पँट आणि बूट असले तर सोसण्यासारखं, साध्या जीन्समध्ये नाही. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना परवानगी नाही, त्यामुळे जुन्या पुलावरूनच पणजीत शिरलो.

संध्याकाळी भावाला मागे बसवून मिरामार, दोनापावला अशी फेरी मारली. मागचं प्रीलोडचं बटण घट्ट फिरवलं, हत्यार लागलं नाही. त्याचं वजन ऐंशीच्या वर. पुढून गाडी हलकी झाल्यासारखी वाटली नाही, आणि वेग वाढवायला गिअर खाली टाकावा लागला नाही. मागची सीट कशी आहे विचारल्यावर तो म्हणाला, "बसायला चांगली आहे, पण पाय जरा दुमडतात. आईला बसवून लांब नेऊ नकोस." आईचे गुडघे लक्षात घेता सल्ला रास्त आहे.

चौथा दिवस: पणजी ते पुणे

परतीला चोर्ला घाट. रायबंदरच्या जुन्या बांधावरून जुनं गोवा, माशेल, आमोण्याचा पूल, साखळी आणि सत्तरीतलं केरी. सकाळच्या उन्हात अंजुणे धरणाचं पाणी चमकत होतं. चोर्ल्याच्या चढाची वळणं आंबोलीपेक्षा अरुंद आहेत आणि झाडी रस्त्यावर झुकलेली. दुसरा आणि तिसरा, एवढेच दोन गिअर लागले. इथे मी पहिल्यांदा स्पोर्ट मोड लावला. कोरडा रस्ता, रिकामा घाट. थ्रॉटलला प्रतिसाद तीक्ष्ण होतो. पाच हजारांच्या पुढे इंजिनाचा आवाज बदलतो आणि गाडीच्या नावातला 'निंजा' जागा होतो. सहा हजार, सात हजार. चढाचा एक सरळ तुकडा बघता बघता संपला. घोडे कमी झाले म्हणणाऱ्यांना या तुकड्यावर आणायला हवं. १३६ पीएस आपल्या कुठल्याही सार्वजनिक रस्त्यावर पुरून उरतात. मी पुन्हा रोड मोडवर आले, कारण घाटात त्या मोडमध्ये गाडी जास्त गुळगुळीत चालते.

घाटमाथ्यावर तीन राज्यांच्या सीमा जवळजवळ आहेत, आणि ते बोर्ड न वाचताही डांबरावरून कळलं. कणकुंबीपासून जांबोटीपर्यंत पावसाने रस्ता खाल्ला होता. खड्ड्यांत लाल पाणी, खोली दिसत नाही. पेगवर उभं राहून चालवायला ही गाडी बनलेली नाही, हँडल त्यासाठी खाली आहे. तरी गुडघे टाकीला दाबून, अर्धवट उठून, दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही तो पट्टा काढला. कॉम्प्रेशन आधीच सैल केलेलं असल्याने दणके थेट मनगटात आले नाहीत. कणकुंबी हे मलप्रभेचं उगमस्थान. देवळापाशी दहा मिनिटं थांबलो, पाणी प्यायलो, साखळीवरचा चिखल पुसून तेल मारलं. या गाडीला मधला स्टँड नाही, त्यामुळे एकाने गाडी हळूहळू पुढे ढकलायची आणि दुसऱ्याने साखळीवर स्प्रे मारायचा. लांबच्या प्रवासाला एकट्याने जाणाऱ्याने छोटा उचलस्टँड जवळ ठेवावा.

बेळगावात टाकी फुल्ल केली, मावशीसाठी कुंदा घेतला. पुढे साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर महामार्ग. स्पोर्ट-टूरर गाडीची पारख मी दिवसाच्या दुसऱ्या अर्ध्यात करते, शरीर थकलेलं असताना. सकाळी सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. कोल्हापूरला मावशीकडे कुंदा देऊन, ताक पिऊन लगेच निघालो. कराडच्या पुढे पाठीच्या खालच्या भागात दुखायला लागलं, तेही सीटमुळे. फोम पहिल्या दोन तासांना उत्तम आहे, पाचव्या तासाला पुढच्या बाजूला उतार असल्यासारखी मी टाकीकडे सरकत होते. मनगटं ठीक होती, मान ठीक, तळवे ठीक.

उंब्रजला आम्ही गाड्या बदलल्या. हिमालयनवर बसल्यावर पहिल्यांदा काय जाणवलं तर पाय मोकळे झाले आणि डायव्हर्जनवरची खडी कळेनाशी झाली. ती गाडी खराब रस्त्याला घाबरत नाही, हा तिचा गुण मी मनापासून मानते. पण नागठाण्याच्या चढावर समोर कंटेनर आला, मी थ्रॉटल पूर्ण उघडला, आणि वेग वाढायची वाट बघत राहिले. तोवर भाऊ माझ्या निंजावर कंटेनरच्या पुढे, मग ठिपका, मग दिसेनासा. साताऱ्याला तो चहा सांगून बसलेला होता.

"कितव्यात होतास?" मी विचारलं.

"सहाव्यात. खंबाटकीला तू गिअर बदलला नाहीस म्हणालीस तेव्हा मला खोटं वाटलं होतं. आरामात ऐंशीवर होतो, थोडं पिळलं आणि झालं. ताई, आता माझी गाडी मला नको वाटेल." दोन घोट घेऊन पुन्हा म्हणाला, "पण कणकुंबीला मी तुझी घेतली नसती." दोन्ही खरं होतं.

खंबाटकी बोगदा अंधार पडल्यावर. बोगद्यातून बाहेर आल्यावर लगेच येणारं ते इंग्रजी एस आकाराचं कुप्रसिद्ध उतरतं वळण. इथे ट्रक उलटतात म्हणून सगळेच जपून असतात. एलईडी दिव्यांचा झोत लांब आणि सपाट आहे. पण गाडी कलली की वळणाच्या आतली बाजू अंधारात जाते. रात्रीच्या घाटासाठी जास्तीचे दिवे बसवणं मला गरजेचं वाटतं, आणि हा खर्च गाडीच्या किमतीत धरावा. गाडी आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत १३.४९ लाख होती. त्यावर विमा, नोंदणी, क्रॅशगार्ड, बॅगा, दिवे. कुणी विचारलं तर मी हा सगळा आकडा सांगते, फक्त शोरूमचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुतली. साखळीतून लाल माती निघाली, पोटाखालचा चिखल काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला. मागच्या टायरच्या मधल्या पट्ट्यावर झीज नव्हती, कडा मात्र छान खरवडल्या होत्या. सीटचा फोम बदलून घेण्यासाठी पेठेतल्या एका कुशनवाल्याशी बोलले आहे. तो म्हणाला, पुढचा उतार काढून सपाट करून देतो, उंची वाढू देणार नाही. चवडे टेकायला हवेत, एवढी एकच अट मी घातली.